नऊ नंबरच्या टाकीतला रंग

ताईच्या दारावर ‘रंगीत मासे’ अशी पाटी होती, अक्षरं चांगली वीतभर उंच. तरी महिन्यातून एखादा पिशवी घेऊन यायचाच आणि विचारायचा, “साफ करून देता का?” ताई त्याला चपला काढायला लावून आत न्यायची. तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत तीन ओळींत बावीस टाक्या होत्या. हवेचे पंप गुरगुरत असायचे आणि काचेमागे निळे, केशरी, पिवळे मासे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. “आता यांच्याकडे बघा आणि परत विचारा,” ताई म्हणायची. परत विचारण्याची कोणाची हिंमत झाली नव्हती.

ताईचा जीव सिक्लिड माशांवर, त्यातही पीकॉक म्हणतात त्या जातीवर. या माशाची गंमत अशी की तो जन्मतो राखेच्या रंगाचा आणि सात-आठ महिने तसाच राहतो. मग नराला हळूहळू रंग चढतो, आधी तोंडावर, मग अंगभर. मादी बिचारी जन्मभर राखीच. त्यातून टाकीत जो दादा असेल त्याचा रंग सगळ्यांत झगझगीत, आणि त्याचा मार खाणारे फिके. रंग कसा वाढवायचा ते ताईला विचारावं. पाणी स्वच्छ, तळाला गडद वाळू, खाण्यात कोळंबी, गाजर, शेवाळाची पूड, आणि सगळ्यांवर धीर. मासे पाळणाऱ्यांच्या हौशी मंडळाच्या बैठकीत ती हे बोटांवर मोजून सांगायची आणि शेवटी नाक उडवून म्हणायची, “नाहीतर आहेच बाटली. पुरुषी हार्मोन खाण्यात मिसळा आणि महिन्याभरात सगळ्या पिल्लांना नटवा. माद्यासुद्धा निळ्या होतात. पुढे त्यांना अंडी होत नाहीत, रंगही उतरतो, पण तोवर गिऱ्हाईक घरी गेलेलं असतं. माझ्या टाकीत हे पाप चालायचं नाही.”

तीच बाटली ताईने आणली.

झालं काय, वार्षिक प्रदर्शनात ती लागोपाठ तिसऱ्यांदा हरली. परीक्षक तिच्या टाकीसमोर वाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “मासे निरोगी आहेत, पण जरा फिके वाटतात हो.” फिके! तिला कोणी म्हातारी म्हटलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. पलीकडच्या टाकीत तीन महिन्यांची पिल्लं निळीभोर झाली होती आणि त्या टाकीसमोर लोकांची रांग लागली होती. तीन महिन्यांत असा रंग कसा येतो ते ताईला पक्कं ठाऊक होतं. घरी जाता जाता ती माशांचं खाद्य विकणाऱ्याकडे थांबली, इकडेतिकडे बघून हळूच बोलली, आणि त्याने गल्ल्याखालून बिनलेबलाची तपकिरी बाटली काढून दिली. “सगळेच वापरतात, ताई,” तो तिची समजूत काढत म्हणाला. त्या ‘सगळ्यां’मध्ये आपण जाऊन बसलो हे तिला फार लागलं, पण बाटली तिने परत केली नाही.

ताईने शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून सव्वीस वर्षं काढली होती, त्यामुळे कामात गबाळेपणा नव्हता. ती बाटलीतली पूड नाजूक काट्यावर तोलायची, स्पिरिटमध्ये विरघळवायची, कोरड्या खाद्याच्या भुकटीवर फवारायची आणि ताटात पसरून पंख्याखाली वाळवायची. हे करताना हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. वाळलेली भुकटी एका डब्यात, डब्यावर ‘नऊ’ असा आकडा. नऊ नंबरच्या टाकीत तीन महिन्यांची तीस पिल्लं होती.

आणि भुकटीचा डबा रोज उघडायची ती छोटी.

छोटी ही ताईची धाकटी बहीण. वय वर्षं अडतीस, पण नाव छोटीच. आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि छोटी सहा. पोरीची वेणी, अभ्यास, ताप, दातदुखी, पुढे तिचं लग्न, सगळं ताईने केलं. स्वतःचं लग्न करायचं मात्र त्या गडबडीत राहून गेलं, असं ती हसत सांगायची. छोटीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत, ताईसुद्धा. दोघं वरच्या मजल्यावर राहायची. सकाळी घड्याळजी दुकानात गेला की छोटी बाह्या सरसावून खाली यायची, कारण माशांना भरवणं हे तिचं काम, आणि त्यात ताईलाही लुडबुड करायला परवानगी नव्हती.

भरवायची रीत ताईचीच. भुकटीत पाणी आणि लसणाचा रस घालून मळायचं, वाटाण्याएवढी गोळी करायची आणि हात पाण्यात घालून ती आतून काचेला अंगठ्याने दाबून चिकटवायची. मासे येऊन टोचून टोचून खातात. कोण पोटभर खातो, कोण नुसता मार खातो, सगळं समोर दिसतं. छोटी दहा वर्षांची असताना ताईनेच तिला शिकवलं होतं, “हातमोजे नकोत. गोळी सैल झाली की घट्ट, ते उघड्या बोटालाच कळतं.” बाटली घरात आली तेव्हा हा नियम बदलायला हवा होता. पण बदलायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे जन्मभर ज्यांना नावं ठेवली त्यांच्यातच आपण गेलो हे छोटीपुढे कबूल करायचं. ताईला ते जमलं नाही. छोटी ती भुकटी काही खात नाही, असं स्वतःला सांगून ती मोकळी झाली.

पाच-सहा आठवड्यांत नऊ नंबरची टाकी निळी झाली. छोटी काचेला नाक लावून ओरडली, “ताई, अगं यात एकही मादी नाही! तीसच्या तीस नर!”

“निघतात कधीकधी,” ताई म्हणाली आणि उगाच पंपाची नळी तपासायला लागली.

मग तो रविवार उजाडला. छोटीचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. मागे न वळताच ती म्हणाली, “ताई, चौथा महिना पूर्ण झाला.”

“कशाचा?”

“माझा.”

ताईच्या हातातलं जाळं खाली पडलं. याआधी दोनदा छोटीला दिवस राहिले होते, दोनदा तिने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि दोनदा ते निसटलं होतं. “म्हणून या वेळी तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं,” छोटी रडत-हसत सांगत होती. “फक्त ह्यांना ठाऊक. तुझ्यापासून लपवताना जीव नुसता गुदमरत होता गं. पण काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सांगा खुशाल.”

ताईने तिला घट्ट मिठी मारली. छोटीचे ओले हात ताईच्या पाठीवर टेकले. लसणाचा वास आला, आणि त्या वासासरशी ताईला नऊ नंबरचा डबा आठवला. प्रदर्शन कधी झालं? दहा आठवड्यांपूर्वी. चार महिन्यांतून दहा आठवडे वजा केले तर काय उरतं ते तिने मिठीत असतानाच मोजलं. छोटी तिचं गुपित जपत होती, ताई आपलं जपत होती, आणि दोन्ही गुपितं रोज सकाळी एकाच वाडग्यात मळली जात होती.

“हात धू,” ती म्हणाली.

“अं?”

“साबणाने धू. आत्ताच्या आत्ता.”

छोटीने हसत धुतले. ताईने परत धुवायला लावले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर छोटी म्हणाली, “आई व्हायचं म्हणजे सालपट काढायचं असतं का?”

“नऊ नंबरला रोग आलाय,” ताईने ठोकून दिलं. “संसर्गाचा. तू उद्यापासून खाली यायचं नाहीस. मी भरवीन.”

छोटीचा चेहरा पडला, पण बाळाच्या नावाने तिने तेही ऐकलं. ती वर गेल्याबरोबर ताईने डबा कागदात गुंडाळला, त्यावर पिशवी, पिशवीवर आणखी पिशवी, आणि कचऱ्याच्या गाडीच्या मागे धावत जाऊन स्वतःच्या हाताने आत टाकला. बाटली मात्र ठेवली. का ठेवली ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. बहुधा प्रयोगशाळेतली सवय: ज्याने अपघात होतो ती बाटली फेकून द्यायची नसते.

सोमवारी ती तीन गल्ल्या सोडून एका औषधाच्या दुकानात गेली, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. कागदाच्या चिठोऱ्यावर हार्मोनचं नाव लिहून तिने पुढे सरकवलं. औषधवाल्याने ते वाचलं, मग तिला वरून खालपर्यंत बघितलं.

“कोणासाठी?”

“माहिती हवीय फक्त. हाताला लागलं तर काही होतं का?”

“कातडीतून थोडंफार जातं आत. तुम्हाला-मला फारसं काही नाही. पण गरोदर बाईने याच्याजवळ फिरकू नये, हात तर लावूच नये. पोटात मुलगी असली तर तिच्या घडणीत फरक पडू शकतो.” तो थांबला. “कोण गरोदर आहे?”

“मांजर,” ताई म्हणाली.

“मांजर हे औषध हाताळतं?”

ताईने चिठोरा ओढून घेतला आणि जवळजवळ पळतच दुकानाबाहेर पडली. कोपऱ्यावरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसून राहिली. येणारेजाणारे बघत होते. एका बाईने पाणी हवंय का म्हणून विचारलं. ताईने नको म्हणून मान हलवली.

बुधवारी छोटीची तपासणी होती. घड्याळजीकडे नेमकं एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम होतं, म्हणून छोटीबरोबर ताई गेली. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तिने मनाशी पक्कं केलं होतं: आत गेल्यावर सांगायचं. डॉक्टरीणबाईंसमोर सांगितलं की छोटी ओरडणार नाही, रडली तरी सांभाळणारं कोणीतरी असेल. तिने वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. वजन झालं, रक्तदाब झाला. मग त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि लेखणीने खुणा करत विचारत गेल्या. “काही औषधं चालू? ॲलर्जी? घरात कोणी सिगारेट ओढतं? कामात रसायनं, रंग, कीटकनाशक, असं काही हाताळता?”

“छे हो,” छोटी म्हणाली. “घरात मासे आहेत, तेवढंच. त्यांना खाऊ घालते.”

“ते तर छान. मन रमतं,” डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी ‘नाही’वर खूण केली.

ताई छोटीच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. ती बघत राहिली, लेखणी पुढच्या ओळीवर गेली, त्याच्या पुढच्या ओळीवर गेली, कागद फायलीत गेला. जिन्यात सांगू, तिला वाटलं. जिन्यात छोटी बाळासाठी पाळणा घ्यावा की झोळी शिवावी यावर बोलत होती. बसमध्ये सांगू. बसमध्ये गर्दी होती. घर आलं, आणि छोटी तिचा हात दाबून म्हणाली, “तू बरोबर असलीस की मला भीतीच वाटत नाही.”

त्यानंतरचे दिवस ताईने जीव मुठीत धरून काढले. तिला अन्न गोड लागेना. वरच्या मजल्यावर भांडं पडलं तरी ती दचकायची. छोटी जेवताना बोटं चाटायची ती लहानपणापासूनची सवय, आणि ताई त्या बोटांकडे बघत राहायची. या बोटांनी दहा आठवडे ती भुकटी मळली. मळून कधी धुतली असतील, कधी नुसती पदराला पुसली असतील. प्रयोगशाळेत मुलांना ती दिवसातून दहा वेळा ओरडायची, लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही, काम झाल्यावर हात धुवायचे. परक्यांच्या मुलांना सांगितलं. स्वतःच्या पोरीला सांगितलं नाही. छोटी तिची पोरच होती, दुसरं काय?

एक मन म्हणायचं, झालं ते झालं, आता सांगून काय उपयोग, उगाच तिच्या जिवाला घोर. ताईला ते पटायचं, चांगलं अर्धा तास पटायचं. मग दुसरं मन विचारायचं, घोर तिच्या जिवाला लागेल म्हणून गप्प आहेस, की तुला ती काय म्हणेल म्हणून? त्याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते तिला नको होतं.

गुरुवारी, बातमी कळल्याच्या अकराव्या दिवशी, दुपारी छोटी न विचारता खाली आली. बाह्या सरसावलेल्या. “पुरे झाला तुझा रोग,” ती म्हणाली. “मासे तर ठणठणीत आहेत. मला करमत नाही वर.” आणि तिने नऊ नंबरचं झाकण उचलून हात पाण्याकडे नेला.

“हात काढ!” ताई किंचाळली आणि तिने छोटीच्या मनगटावर फटका मारला.

झाकण आपटलं. तीस मासे टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन दाटीवाटीने उभे राहिले. ताईने आयुष्यात पहिल्यांदा छोटीवर हात उचलला होता. छोटी मनगट चोळत तिच्याकडे बघत होती. तिला राग आला नव्हता, तेच वाईट होतं.

“ताई, खरं सांग,” ती हळू म्हणाली. “मी सांगितल्यापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. मला खाली येऊ देत नाहीस. माझ्याकडे बघतेस ती अशी बघतेस, की… तुला माझं बाळ नकोय का? तुझं राहून गेलं म्हणून?”

ताईला वाटलं होतं त्यापेक्षा हे वाईट होतं. ती स्टुलावर बसली. आणि मग तिने सांगितलं, सगळं, तयार केलेलं वाक्य विसरून, उलटसुलट: परीक्षक, खाद्यवाला, बाटली, डबा, औषधवाला काय म्हणाला, मुलगी असली तर काय होऊ शकतं. सांगताना ती छोटीकडे न बघता टाकीकडे बघत होती. मासे परत पुढे आले होते आणि खायला मिळेल म्हणून काचेला तोंडं लावत होते.

छोटीने विचारलं, “किती दिवस?”

“अडुसष्ट.”

“तसं नाही. तुला कळून किती दिवस झाले?”

“अकरा.”

छोटीने मनातल्या मनात मोजलं. ताईला तिचे ओठ हलताना दिसले, अगदी पाढे म्हणताना हलायचे तसेच.

“म्हणजे डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तू तिथेच बसली होतीस.”

“हो.”

“माझ्या शेजारी.”

“हो, छोटे.”

छोटी वर गेली. तिने दाराची कडी लावल्याचा आवाज खाली ऐकू आला. त्या दाराला कडी होती हेही ताईला आजवर माहीत नव्हतं.

तासाभराने घड्याळजी आला. दुकान अर्ध्यावर बंद करून आला होता. डोळ्याला लावायचं भिंग अजून कपाळावर तसंच होतं. हा माणूस एरवी ताईला ‘मोठ्या मालकीणबाई’ म्हणून चिडवायचा. आज तो दारातच उभा राहिला.

“बाटली द्या, ताई.”

तिने कपाटातून काढून दिली. त्याने ती रुमालात धरली, पिशवीत ठेवली. मग त्याची नजर खिळ्याला टांगलेल्या रबरी हातमोज्यांवर गेली.

“हे कोणाचे?”

“माझे,” ताई म्हणाली.

घड्याळजीने एखादी शिवी घातली असती, आरडाओरडा केला असता तर ताईने त्याचे उपकार मानले असते. तो नुसता जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून ताईला बोलावणं आलं, कारण किती मिलिग्रॅम, किती भुकटीत, रोज किती, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. छोटी आणि घड्याळजी आत आधीच बसले होते. तिच्यासाठी तिसरी खुर्ची होती, पण ती उभीच राहिली. तिने वहीतून आकडे वाचून दाखवले. आकडे अगदी बिनचूक होते, त्याचीही तिला लाज वाटली.

डॉक्टरीणबाई आज हसत नव्हत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, कोणाला तरी फोन केला, मग छोटीला म्हणाल्या, “मात्रा कमी होती, त्यातली बरीचशी पाण्यात आणि माशांच्या पोटात गेली. कातडीतून नेमकं किती गेलं ते मला सांगता येणार नाही, कोणालाच येणार नाही. मी तुम्हाला घाबरवत नाही आणि खात्रीही देत नाही. रक्त तपासू. दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करू, नीट, वेळ काढून.” मग त्या ताईकडे वळल्या. “हे मागच्या आठवड्यात बुधवारीच कळलं असतं तर तपासण्या तेव्हाच सुरू झाल्या असत्या.”

ते दोन आठवडे. ताईने टाक्यांवर ‘विक्रीसाठी नाहीत’ अशा चिठ्ठ्या लावल्या आणि मंडळाच्या सचिवाला जाऊन सगळं सांगून आली. तो तोंडात मारल्यासारखा बघत राहिला. वरून कोणी खाली येत नव्हतं. ताई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून कानोसा घ्यायची: छोटी चालतेय, नळ सोडलाय, खोकली. एकदा वरून रडण्याचा आवाज आला. ताई चार पायऱ्या चढली आणि तशीच परत उतरली.

नऊ नंबरचा रंग उतरायला लागला होता. हार्मोन बंद झाला की असं होणारच, हे ती स्वतःच लोकांना सांगायची. रोज सकाळी दोन-तीन मासे राखी झालेले असायचे. आधी शेपटीकडून, मग अंग, शेवटी तोंड. त्या माद्या. ताई त्यांना मोजत बसायची. दहा. बारा. पंधरा. ती कधी देवापुढे उभी राहिली नव्हती, पण त्या टाकीपुढे उभी राहून ती रोज मागायची: यांच्या अंगातून जसं निघून जातंय, तसंच तिथूनही निघून जाऊ दे. मागताना हात जोडायचे की नाही हे तिला कळायचं नाही, म्हणून ती ते पाठीमागे धरून ठेवायची.

सोनोग्राफीच्या दिवशी तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून गेली आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसली. पाऊण तास लागला. दार उघडलं.

घड्याळजी पुढे आला. “जे दिसायला हवं ते सगळं हवं तसं दिसतंय म्हणाल्या,” त्याने सांगितलं. “बाकी जन्मल्यावर तपासू म्हणाल्या. रक्तही ठीक आहे.”

ताई रडायला लागली. रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंडावर हात न ठेवता ती रडली. छोटी चार पावलांवर उभी होती, दोन्ही हात पोटावर धरून. तीही रडत होती, पण ती जवळ आली नाही.

त्या संध्याकाळी दाराला कडी लावलेली नव्हती. ताईने दूध गरम केलं, त्यात साखर घातली आणि पेला घेऊन ती वर गेली. छोटी खिडकीशी बसली होती. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले, पण तिने ताईला आत यायला नको म्हटलं नाही. ताईने पेला पुढे केला. छोटीने तो हातात घेतला. सहा वर्षांची असल्यापासून ताईच्या हातचं जे पुढे येईल ते तिने खाल्लं-प्यायलं होतं. कडू काढे, करपलेल्या भाकऱ्या, कधी काही विचारलं नव्हतं.

तिने पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबली. आत बघितलं. मग वर, ताईच्या तोंडाकडे.

“यात काय आहे?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. ती घाबरलेली होती, आणि ज्याची भीती वाटत होती ते माणूस समोर उभं होतं.

“दूध,” ताई म्हणाली. “साखर, दोन चमचे.” तिने आठवून पाहिलं, काही राहिलं का ते. “थोडं पाणी घातलंय. दुसरं काही नाही.”

छोटीने मान हलवली आणि दूध प्यायलं. ताई रिकामा पेला घेऊन खाली आली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दूध घेऊन गेली, आणि छोटीने पुन्हा विचारलं.